घरच्यांच्या लेखी मी परदेशात होते

हौसामावशींचं नाव आधी लिहिते. मागाहून लिहायचं म्हटलं तर मधे दवाखाना येईल, सुया येतील, माझी भीती येईल, आणि त्यांचं नाव शेवटी आभाराच्या दोन ओळींत उरकलं जाईल. मावशी मळवलीजवळच्या एका गावच्या. छातीच्या रोग्यांच्या ज्या रुग्णालयात मी होते, तिथं त्या आया म्हणून काम करायच्या. त्यांच्या सासूबाईंचंही नाव घ्यायला हवं, पण ते मला कधी कळलंच नाही. सगळं घर त्यांना आजी म्हणायचं, मीही आजीच म्हणत आले. डॉक्टरांचे उपकार आहेतच. त्यांनी माझी छाती बरी केली. बाकीची मी या दोघींच्या घरात बरी झाले.

माझं शिक्षण नववीपर्यंत. लिहायची सवय नाही. पण याच आजारानं खाटेवर पडलेल्या बायकामुलींना कुणीतरी सांगायला हवं, की फक्त छाती दुखते असं नाही, आणि फक्त छातीच बरी होते असंही नाही. औषधांची नावं लिहीत नाही. ती डॉक्टर सांगतील.

नाडी

आमचं गाव खानदेशात, अमळनेरकडे. तालुक्याच्या शाळेत शिकत होते तेव्हा माझी उंची सगळ्या मास्तरांच्या वर गेली. उंच मुलीचं लग्न जमत नाही म्हणून घरी काळजी, आणि त्याच उंचीमुळे शाळेच्या सरांनी मला बास्केटबॉलच्या मैदानावर उभं केलं. पुढं राज्याच्या संघात आले, मुंबईत एका खात्यानं खेळाडू म्हणून नोकरी दिली, शाळा सुटली. सकाळी कचेरीत शिक्के मारायचे, संध्याकाळी सिमेंटच्या कोर्टावर खेळायचं, रात्री मुलींच्या वसतिगृहात झोपायचं. पगार घरी जायचा.

देशाच्या संघातून मी दोनदा बाहेर गेले. एकदा सिलोनला, एकदा सिंगापूरला. सिलोनला जाताना पहिल्यांदा विमान पाहिलं. ब्लेझर सगळ्यांना एकाच मापाचे मिळाले होते, माझ्या मनगटाच्या बरेच वर राहिले. तिथं प्रकाशझोतात सामना होता. माझ्या बास्केटला टाळ्या पडल्या तेव्हा मी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणासाठी असतील म्हणून. गावात माझा सत्कार झाला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो फोटो दारातून आत आल्या आल्या दिसेल असा लावला.

तिसऱ्या दौऱ्याच्या शिबिरात मला दम लागायला लागला. खेळणाऱ्या मुलींची एक खोड असते. दम लागला की बुटाची नाडी बांधायला खाली बसायचं. पंच खेळ थोडा थांबवतात, आणि आपल्याला बाहेर काढत नाहीत. मी इतक्या वेळा नाडी बांधली, की शेवटी प्रशिक्षकांनी मला नवीन नाड्या आणून दिल्या. आजारी आहे हे त्यांच्या मनात आलं नाही, माझ्याही आलं नाही. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, ते उन्हाचं असेल म्हणून सोडून दिलं.

मग दौऱ्याआधीची तपासणी आली. सगळ्यांचे छातीचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुली पासपोर्टच्या कामाला गेल्या आणि मला एकटीला दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर भले होते. फोटो उजेडासमोर धरून त्यांनी पेन्सिलीनं दाखवलं, "हे इथं." मला काही दिसलं नाही. मी विचारलं, "दौऱ्यापर्यंत बरं होईल का?" ते म्हणाले, "कुठल्या?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोटो खाली ठेवला.

टीबी हा शब्द त्यांनी त्यानंतर उच्चारला. मला रडू आलं नाही. माझ्या जागी आता कोण जाईल, याचाच विचार मी परतीच्या बसमध्ये करत होते.

वॉर्ड

मावळातल्या त्या रुग्णालयात बायकांचा वॉर्ड लांबट होता, एका बाजूनं उघडा व्हरांडा. खाट मला पुरत नसे. पाय बाहेर यायचे, म्हणून हौसामावशींनी पायथ्याशी एक स्टूल आणून ठेवलं आणि त्यावर घडी केलेलं कांबळं घातलं. आमचं पहिलं बोलणं ते. त्या म्हणाल्या, "येवढी लांब पोर. आईनं वाढवलीस का येलावानी चढवलीस?"

सकाळी थर्मामीटर. मग सुई. मग घशाखाली न उतरणारी पावडर. नंतर दूध आणि अंडं. दुपारी सक्तीची शांतता, बोलायचं नाही, वाचायचं नाही, नुसतं पडायचं. आयुष्यभर मला पळ, पळ असंच सांगितलं होतं. इथं पडून राहणं हेच काम आणि मला ते जमत नव्हतं. नव्यानं आलेल्यांना सांगते, हे कुणालाच सुरुवातीला जमत नाही. पुढं जमतं, आणि ते जमलं याचंही वाईट वाटतं.

एक हसण्यासारखी गोष्ट सांगते. आमच्या खेळात पंचांनी फाऊल दिला की ज्या मुलीचा फाऊल असेल तिनं लगेच हात सरळ वर करायचा असतो. सकाळी सिस्टरनी वॉर्डात येऊन विचारलं, "काल कोण सारखं खोकत होतं?" माझा हात आपोआप वर गेला, कोपर सरळ, बोटं ताठ. सगळा वॉर्ड खोकत खोकत हसला. त्यानंतर काहीही झालं, दुधाचा पेला फुटला किंवा खिडकी उघडी राहिली, की बायका माझ्याकडे बघून हात वर करायच्या. मला बरं वाटायचं. कुणीतरी चिडवतंय म्हणजे आपण अजून माणसांत आहोत.

भीती वाटायची ती व्हरांड्यातली एखादी खाट सकाळी रिकामी दिसली की. त्याबद्दल कुणी बोलत नसे. मावशी चादर काढून न्यायच्या आणि परत येताना मुद्दाम माझ्याशी काहीतरी वायफळ बोलायच्या, त्यांच्या म्हशीबद्दल, किंवा पवनेकडच्या त्यांच्या माहेराबद्दल. तिकडे धरण बांधायचं चाललं होतं आणि त्यांचं माहेर त्यात जाणार होतं. "भाऊ म्हंतो दुसरीकडं जमीन देनारेत," त्या सांगायच्या. "दिली तर दिली."

मधू

माझा भाऊ मधू पहिल्यांदा भेटायला आला, तो वॉर्डाच्या आत आला नाही. मी बाहेर बाकावर जाऊन बसले. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

"ताई, एक सांगायचंय," तो म्हणाला. "गावात आम्ही सांगितलंय, तू दौऱ्यावर गेलीस."

मी म्हटलं, "दौरा तर महिन्यात संपेल."

"संपेल तेव्हा बघू. कुसुमचं बघतोय ना आम्ही. घरात हा आजार आहे कळलं तर तिच्याकडे कोण येणार?"

कुसुम आमची धाकटी. त्याचं चुकत नव्हतं. त्या दिवसांत या आजाराचं नुसतं नाव निघालं की लोक त्या घरचं पाणी पीत नसत. मी बरं म्हटलं. दौऱ्यावर गेले हे सांगितलं तर लोकांना पटेलच, कारण आधी दोनदा गेलेच होते. दुसऱ्या कुठल्या मुलीच्या घरच्यांना अशी सोय नसती.

संघ गेला, आला. माझा दौरा संपेना. पुढच्या खेपेला मधू म्हणाला, "आबांनी गावात सांगितलं, तिकडच्या लोकांनी तुला शिकवायला ठेवून घेतलंय." पडल्या पडल्या माझी बढती झाली होती. मधूची पंचाईत वेगळीच होती. लोक त्याला विचारायचे, तिकडे कसं असतं? त्याला काय माहीत. तो मला विचारायचा. सिलोन-सिंगापूरच्या माझ्या गोष्टी संपल्या. मग मी व्हरांड्यातून दिसायचं तेच सांगायला लागले. धुकं इतकं, की समोरचं माणूस दिसत नाही. डोंगरावरून चहूकडून पाणी पडतं. दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, आणि कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. मधूनं हे सगळं आमच्या कोरड्या गावात परदेश म्हणून सांगितलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. ते सगळं लोणावळ्याचं होतं.

तो गेला की मला घराची इतकी आठवण यायची की छातीतलं दुखणं कुठलं आणि हे कुठलं, कळायचं नाही. खेळायला मिळेल की नाही हा प्रश्न हळूहळू मागं पडला. घरी जायला मिळेल का, आणि गेले तर माझी मी म्हणून जाता येईल का, एवढंच उरलं.

आजी

थुंकी साफ आली, वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, "आता सुट्टी. पण औषध चालू, आणि उन्हाळा संपेपर्यंत याच हवेत कुठं तरी राहा. दर महिन्याला दाखवायला या."

कुठं तरी म्हणजे कुठं? वसतिगृहात माझ्या खाटेवर दुसरी मुलगी आली होती. घरी तर मी परदेशात होते. मी सामान बांधून व्हरांड्यात बसले. हौसामावशी माझी चादर घडी करत होत्या. त्यांनी डॉक्टरांना जाऊन विचारलं, "घरात बारकी नात हाय. चालंल का?" डॉक्टर म्हणाले, "आता हिच्यापासून काही नाही. औषध तेवढं चुकवू देऊ नका." मावशी परत आल्या आणि माझी पिशवी उचलून म्हणाल्या, "चल."

मी म्हटलं, "मावशी, घरच्यांना विचारा तरी."

"आमचं मालक लोनावळ्यात बंगल्याची राखन करत्यात, आठवड्यातनं येकदा घरी येत्यात. त्यांना तू दिसशीलच, इचारायचं काय?"

घरात शिरताना माझं कपाळ चौकटीवर आदळलं. चुलीपुढं आजी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हौसा, ही बाई आनलीस का मांडवाचा खांब?"

"आजारी व्हती, आत्याबाई. आता बरी हाय. ऱ्हाईल थोडं दिस."

"कसला आजार?"

मावशींनी आजाराचं नाव सांगितलं. सरळ, पिशवी खाली ठेवता ठेवता. आजी म्हणाल्या, "बरं. मग भाकरी दोन जास्ती थाप." दुसऱ्या दिवशी आजींनी चौकटीच्या वरच्या लाकडाला जुन्या लुगड्याची चुंबळ बांधून ठेवली. माझ्या कपाळासाठी.

त्या घरात माझा आजार सगळ्यांना ठाऊक होता. शेजाऱ्यांनाही. काही जणी लांबून बोलायच्या, बहुतेक जवळ येऊन. न पटलेली गोष्ट एकच होती, मी परदेशात जाऊन आले ही.

"बायका चेंडू खेळाया इमानातनं जात्यात?" आजी विचारायच्या.

"जातात आजी. मी दोनदा गेले."

"आन सरकार पैसं भरतं?"

"हो."

"चेंडू खेळायचं?"

मग मी सिलोनचं सांगायला लागायची. हिरवे डोंगर, पाऊस, सगळीकडे भातखाचरं. आजी मधेच थांबवायच्या. "भात पिकतो तितं?"

"लय पिकतो."

"मग त्यो परदेस कसला? तुला कुनीतरी पवन मावळात फिरवून आनली."

घर खदखदा हसायचं. मी रागावून सांगायची आणि मग मलाही हसू यायचं. एका बाजूला माझं सगळं गाव, त्यांना माझा आजार माहीत नाही. दुसऱ्या बाजूला हे गाव, त्यांना माझा परदेश खरा वाटत नाही. मधे मी, ना इकडची पुरती ना तिकडची. पण जेवताना मात्र मी इकडची होते. मावशींची नात शकू माझ्या शेजारी बसून माझ्याच ताटातला भात खायची, आणि मी दचकले की मावशी म्हणायच्या, "डागदर खोटं बोलंल का?"

आई

उन्हाळ्याच्या शेवटी आई आली. मधूनं तिला कल्याणला गाडी बदलून मळवलीला उतरवलं. वर्ष उलटून गेलं होतं तिला पाहून. स्टेशनवरून चालत येताना ती माझ्याकडेच बघत होती. मी जाड झाले होते हे तिला सहन होत नव्हतं की आवडलं होतं, मला कळलं नाही.

घरी आल्यावर तिनं बिबड्या काढल्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, आणि मावशींच्या हातात दिल्या. आई अहिराणी बोलायची, मावशी मावळातलं. दोघींना एकमेकींचं निम्मं कळायचं, निम्मं चेहऱ्यावरून. चहा झाला आणि आईनं विषय काढला. कुसुमचं ठरलं होतं. मुलगा जळगावला नोकरीला. घर चांगलं.

"मग मी येते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी हो म्हटलंय."

आईनं मधूकडे पाहिलं. मधू म्हणाला, "ताई, तू आत्ता आलीस तर लोक विचारतील. तुझ्याकडे बघूनच कळेल. चालताना दम लागतो तुला. लग्न होऊ दे. मग ये."

"आणि लग्नात कुणी विचारलं तर?"

"परदेशात आहेस. सुट्टी मिळाली नाही."

बहिणीच्या लग्नाला न जाणं हे एक. पण मला दिसायला लागलं, की लग्नानंतरही कुसुमची सासू असेल, मग तिचं बाळंतपण येईल, मग मधूचं लग्न. मी दर वेळी परदेशात असेन. आई रडायला लागली. म्हणाली, "दोघी माझ्याच मुली आहात गं. मी कुणाकडे बघू?"

हौसामावशी चुलीशी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ताई, पोरीला लग्नाला न्या, नका नेऊ, तुमच्या घरचा निवाडा. ऱ्हाईल आमच्यात. पन येक सांगा मला. तुमी गावात काय सांगता, ही कुटं हाय?"

आई हळू म्हणाली, "परदेशात."

"म्हंजे माझं घर परदेस झालं?"

"तसं नाही मावशी," मधू म्हणाला.

"मग कसं? ही हितं खाती, हितं झोपती. माझी नात हिच्या कुशीत झोपती. आन तुमी सांगता ही परदेसात हाय. म्हंजे आमी कोनच न्हाई." मावशींनी भाकरी तव्यावर टाकली. "माझं म्हायेर धरनात चाललंय. उद्या तितं पानी असंल. मला कुनी इचारलं तर मी सांगीन, बुडालं. परदेसाला गेलं म्हनून न्हाई सांगायची."

आजी कोपऱ्यातून म्हणाल्या, "हौसा, पाव्हन्यांना जेवू घाल आधी, मग भांड."

"भांडत न्हाई आत्याबाई. सांगतीय."

जेवण झालं. आईनं शकूला मांडीवर घेतलं, तिचं अंग चाचपून पाहिलं, कपाळाला हात लावून पाहिला. बाई होती, आई होती, तिला खात्री करून घ्यायची होती. मग तिनं पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. गाडीच्या वेळेपर्यंत ती तशीच बसली होती. लग्नाला ये असं म्हणाली नाही.

नंतर

दोन आठवड्यांनी मधू एकटा आला. आईनं सांगून टाकलं होतं, म्हणाला. वडिलांना न विचारता ती एकटी जळगावला गेली आणि व्याह्यांच्या घरी बसून, मोठी मुलगी मळवलीला हौसाबाईंच्या घरी आहे, टीबी झाला होता, आता बरी आहे, एवढं सांगून उठून आली.

त्यांच्याकडून बरेच दिवस काही कळलं नाही. मला वाटलं, माझ्यामुळे कुसुमचं मोडलं. ते दिवस रुग्णालयापेक्षा वाईट गेले. मग निरोप आला. त्यांना कुसुमच्या छातीचा फोटो पाहिजे होता, आणि माझाही. दोन्ही दिले. माझ्या फोटोत जुना डाग होता, तो बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण आहे, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. लग्न पुढच्या मोसमावर गेलं, देण्याघेण्याची बोलणी जरा ताणली गेली, पण झालं.

मी गेले. माझ्याबरोबर हौसामावशी आल्या. खानदेशात त्यांना सगळंच उष्ण आणि तिखट लागलं. जळगावला आईनं सांगितलेलं तोवर आमच्या गावात पोचलं होतं. मांडवात काही बायका माझ्याजवळून उठून गेल्या, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. पण गावाला खरा राग आला तो आजाराचा नव्हे, परदेशाचा. धुकं आणि धबधबे ऐकून त्यांनी तोंडात बोटं घातली होती, ते सगळं लोणावळ्याचं निघालं. मग सिलोनही खोटंच असेल, सिंगापूरही. वडिलांनी दारासमोरचा फोटो आतल्या खोलीत नेला. देशासाठी मी जे काही खेळले होते, ते माझ्याच गावात पुसलं गेलं. माझ्या एका आत्यानं मावशींना गाठून विचारलं, "खरं सांगा, ही बाहेर गेली होती का कधी?"

मावशी म्हणाल्या, "मी बघितलं न्हाई. मी बघितलं त्येवढं सांगते. ही मरनार व्हती, मेली न्हाई."

खेळाचं लोक विचारतात म्हणून लिहिते. पुढं डॉक्टरांनी हळूहळू खेळायला परवानगी दिली. खात्याच्या संघात मी परत आले. देशाच्या शिबिराला एकदा बोलावणंही आलं, पण शेवटच्या बाराजणींत नाव आलं नाही. आता नवीन मुलींना शिकवते. नाडी बांधायला कुणी फार वेळा खाली बसली, की तिला बाहेर काढून आधी डॉक्टरकडे पाठवते.

राहतं ते मावशींचं देणं. मी त्यांना एकदा विचारलं, तुमचं कसं फेडू? त्या म्हणाल्या, "काय घेतलंस तू माज्याकडनं? भात न् भाकरी." पण मी हिशेब ठेवलेला आहे. त्या कधी आजारी पडाव्यात असं मी म्हणणार नाही. म्हातारपण मात्र सगळ्यांना येतं, आणि माणसाला कधी ना कधी दुसऱ्याच्या घरात पथारी टाकावी लागते. मावशींवर ती वेळ येईल तेव्हा मी त्यांची पिशवी उचलेन आणि त्यांना माझ्या घरी आणेन. आणि कुणीही विचारलं, मावशी कुठं आहेत, तर दारात उभी राहून सांगेन, इथं आहेत, माझ्या घरात.